लुगड्याला मनाई

रानशेत मागे पडलं आणि सायवनचा रस्ता धरला की डाव्या हाताला हल्ली एक 'नॅचरल स्प्रिंग पार्क' लागतं. फाटकाशी निळा बोर्ड आहे. पाण्यात काय घालून उतरायचं नाही ते त्यावर लिहिलंय. साडी, सलवार, परकर, सुती कपडे, सगळ्याला मनाई. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या रंगात, मागाहून घातलेला एक शब्द आहे: लुगडं.

शनिवार-रविवारी मुंबईच्या आणि सुरतेकडच्या गाड्या तिथे लागतात. त्यातून उतरणाऱ्या बायकांमध्ये लुगडं नेसलेली एकही मी आजवर पाहिलेली नाही. तो शब्द त्यांच्यासाठी नाहीच. तो माझ्या घरमालकिणीसाठी आहे. एका म्हाताऱ्या बाईला अडवायला त्या लोकांनी पेंटर बोलावला, आणि ती बाई गेल्यावर तो शब्द पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्या रस्त्यानं जाताना मी आता उजवीकडे बघते.

समुद्राकाठच्या चिखले गावात सगळे तिला बाय म्हणत. मीही म्हणायला लागले. डहाणूच्या शाळेत नोकरी लागल्यावर मी खोली शोधत तिच्या दारात गेले, तेव्हा ती ओट्यावर बसून जवळा निवडत होती. मी कोण, कुठली, लग्न झालंय का, यातलं काही तिनं विचारलं नाही. वर न बघता म्हणाली, "पोवता येतं?"

मी घाटावरची. आमच्याकडे विहिरीला सुद्धा उन्हाळ्यात पाणी नसे, पोहायचं कशात? म्हटलं, "नाही."

"मग वरची खोली घे," ती म्हणाली.

खालची खोली मोठी होती, तिला हवा होती, न्हाणीघर लागून होतं. पण पोहता न येणाऱ्या माणसाला समुद्राच्या बाजूची तळमजल्याची खोली द्यायची नाही, हा तिचा नियम होता. समुद्र तिच्या घरापासून चांगला लांब, मध्ये सुरूची झाडं, रस्ता, लोकांच्या वाड्या. ते सांगून उपयोग नव्हता. मी वरच्या खोलीत पत्र्याखाली उकडून निघाले आणि मनातल्या मनात तिला बरंच काही म्हटलं.

पाण्याशी तिचं भांडणाचं नातं होतं. भरती यायची वेळ झाली की किनाऱ्यावर जाऊन कमरेवर हात ठेवून ती भरतीला म्हणे, "आलीस? कुठं मेली होतीस?" नळाला ती आळशी म्हणे. हंड्याला तडा गेला तर आतल्या पाण्याला शिव्या. पण सगळ्यात जास्त राग तिला गोड्या पाण्याचा. "त्याला अंग नाय," ती म्हणायची. "समुद्र माणसाला वर धरतो. ह्यो गोडा बघत राहातो नुसता." यात थोडं तथ्य आहे, खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो. पण बायनं ते कुठल्या कुठे नेलं होतं. फ्रिजमधलं पाणी प्यायल्यानं हाडं मऊ होतात, असं ती मला छातीठोकपणे सांगे. आंघोळीच्या बादलीत मूठभर मीठ टाकल्याशिवाय ती तांब्या बुडवत नसे. मी शाळेत विज्ञान शिकवते हे तिला माहीत होतं, त्यामुळे मुद्दाम माझ्या देखत टाके.

आणि याच बाईनं सायवनकडच्या एका झऱ्याचं वेड घेतलं होतं. झरा गोड्याच पाण्याचा. मी एकदा विचारलं, मग तिथे जातेस कशाला? "त्याच्यावर लक्ष कोन ठेवनार?" ती म्हणाली.

झऱ्याशी तिचा संबंध आला तो सुक्या मासळीमुळे. तिच्या सासूच्या वेळेपासून त्या घरातल्या बायका सुके बोंबील आणि जवळा घेऊन सायवनकडच्या पाड्यांवर जात आणि बदल्यात भात आणत. झऱ्याच्या पाड्यावर लखमी नावाची बाई होती, बायच्याच वयाची. दोघींची मैत्री म्हणजे एकमेकींच्या मालाला नावं ठेवणं. "बोंबील घरी सुकवलेस काय चुलीवर?" लखमी म्हणे. "तुज्या भातात खडे मोजू की दाने?" बाय म्हणे. मग दोघी उंबराखाली पाय पसरून बसत आणि पान खात.

झरा उंबराच्या मुळांतून निघतो. वरच्या खळग्यातलं पाणी प्यायचं, त्याखालच्या मोठ्या कुंडाच्या काठाशी न्हायचं-धुवायचं, आणि त्याच्याही खाली ओहोळात गुरं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पाड्यावरचं पोर चालायला लागलं की त्याला कळायचं. कुंड मात्र खोल होतं आणि कडेचे दगड शेवाळलेले.

माझ्या नोकरीचं ते पहिलंच वर्ष. मे महिन्याची सुट्टी लागली होती. बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडण्या उतरवून झाल्या होत्या आणि बाय मला टेम्पोत घालून पाड्यावर घेऊन गेली होती. लखमीची मुलगी जिवली तेव्हा लहान होती. वरच्या खळग्यातून हंडा भरून उतरताना तिचा पाय सरकला आणि ती हंड्यासकट कुंडात गेली. काठावर पंधरा-वीस माणसं होती. सगळी तिथेच जन्मलेली, सगळी त्या पाण्यावर वाढलेली, आणि एकालाही पोहता येत नव्हतं. लखमी नुसती ओरडत होती.

बाय काष्टा खोचलेल्या लुगड्यानिशी उडी टाकून आत गेली. पोरीपर्यंत पोचली, पण पोरीनं तिच्या गळ्याला अशी मिठी मारली की दोघी खाली जायला लागल्या. तेव्हा बायनं पाण्यातल्या पाण्यात लुगड्याचा पदर सोडला, पिळा करून काठावर फेकला आणि म्हणाली, "ओढ गो." लखमीनं ओढलं, मी ओढलं, आणखी कुणी कुणी ओढलं. नऊवारी लुगडं ते, पुरलं. दोघी बाहेर आल्या. जिवलीनं पाणी ओकलं आणि बायनं पहिली गोष्ट कुठली केली असेल तर वळून त्या कुंडाला अशा शिव्या घातल्या की पाड्यावरचे म्हातारे खाली बघायला लागले.

त्यानंतर तिनं ठरवून टाकलं. ह्या झऱ्यावर जी पोरगी पाणी भरेल तिला पोहता आलंच पाहिजे. दर वर्षी मांडणी उतरली की बाय टेम्पोत शिडाचं जुनं कापड, टोप, सुकी मासळी आणि जाळ्याच्या बोयांची एक माळ टाकून निघायची. हो, बोया. जाळं तरंगतं ठेवतात त्या. त्या पोरींच्या कमरेला बांधून ती त्यांना कुंडात सोडायची. शिडाचं कापड सागाच्या दोन झाडांना बांधून त्याखाली आमचा मुक्काम. पाड्यावरच्या बायका भाकऱ्या आणत, पोरं करवंदं आणत, आणि दिवसभर कुंडातून बायचा आवाज येत राही. "पाय मार. पाय हायत ना तुला?"

पाण्यात उतरण्यापूर्वी ती कनवटीचं मीठ काढून मूठभर कुंडात टाकायची. एवढं मोठं कुंड, खालून सतत नवं पाणी येतंय, आणि त्यात एक मूठ मीठ. मी म्हटलं, बाय, ह्यानं काय होणार? "शिकंल हळूहळू," ती म्हणाली. पोरींबद्दल म्हणाली की पाण्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

मीही तिथेच पोहायला शिकले. कमरेला बोया बांधून, माझ्याच विद्यार्थिनी शोभतील अशा पोरींच्या रांगेत, "मास्तरीण दगडासारखी जाते बघ" हे ऐकत. पोहता यायला लागल्यावर मी तिला खालची खोली मागितली. तिनं ती तोवर जाळी ठेवायला घेतली होती.

मग तो झरा विकला गेला. झरा विकता येतो हे मला तेव्हा कळलं. खरं तर विकली गेली ती बाजूची जमीन, पण कुंपण घातलं ते झरा आत घेऊन. वरच्या खळग्यावर सिमेंटचं झाकण बसलं. कुंडाला निळ्या फरशा लावल्या, पायऱ्या केल्या, पाण्यात औषध सोडलं. ज्या उंबराखाली दोघी म्हाताऱ्या पान खात, तिथे भगव्या रंगाचे तंबू आले, रबरी ट्यूबा आल्या, शेकोटीची जागा आली आणि कर्णे आले. पाड्याला काय दिलं? कुंपणाबाहेर एक नळ. तो मे महिन्यात कोरडा पडतो. सगळ्या जगाला पोहायला पाणी आहे आणि ज्यांच्या उंबऱ्याशी ते उगवतं त्यांना प्यायला नाही. आणि बोर्डावर 'नॅचरल' लिहायला यांचा हात अडखळत नाही.

पाड्यावरच्या काही जणांना पार्कात कामं मिळाली, हे खरं आहे. जिवलीलाही मिळालं. ती आता मोठी झाली होती, दोन मुलांची आई. तिला निळा टी-शर्ट आणि टोपी दिली होती आणि पोहायचे नायलॉनचे कपडे भाड्यानं द्यायच्या खिडकीवर बसवलं होतं. नवऱ्याला काम नव्हतं. घर त्या खिडकीवर चालायचं.

त्या वर्षी बाय नेहमीसारखी टेम्पो घेऊन गेली. मी बरोबर होते. पार्क झाल्याचं तिला माहीत होतं. पण समुद्राकाठच्या माणसाला पाण्याला फाटक असतं हे पटतच नाही. तिला वाटलं, कुंपण तंबूंसाठी असेल. ती कनवटीला मीठ आणि खांद्यावर बोयांची माळ घेऊन सरळ आत निघाली, मागे पाड्यावरच्या पाच-सहा पोरी. पहारेकऱ्यानं खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत जिवली.

जिवली उभी राहिली. टोपी काढली, परत घातली. "बाय," ती म्हणाली, "लुगड्यात नाय सोडत."

"कोन नाय सोडत?"

"रूल हाय. लुगडं पायात अडकतं, मानूस बुडतं."

बाय खिडकीला टेकली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला लुगड्यानंच काढली गो."

जिवलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं कपड्यांच्या मापाची पट्टी उचलली आणि खाली ठेवली. एवढ्यात मॅनेजर आला. वलसाडकडचा होता, वागायला गोड, हातात वॉकीटॉकी. "माँजी, रूल सबके लिए है. सेफ्टीचा आहे. इथे कॉस्च्युम भेटेल, आपके साइज का भी आहे." आणि त्यानं खरोखरच एक काळा नायलॉनचा झगा तिच्यासमोर धरला. तिचा रुपया-एवढा कुंकवाचा टिळा, हातातल्या हिरव्या बांगड्या, सत्तरीचं अंग, आणि समोर तो झगा. माझ्या तोंडून जे निघालं ते शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या आहात." मला वाटतं, आयुष्यात मला इतका राग दुसऱ्या कुठल्या वाक्याचा आलेला नाही.

बाय मात्र मागे वळली. घरी येईपर्यंत टेम्पोत गप्प होती. हे लक्षण वाईट, हे मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरून तिनं ओले बोंबील उचलले, गल्लीतल्या दोघी-तिघींना उठवलं आणि पाट्याच्या पाट्या टेम्पोत चढवून झऱ्यावर गेली. पार्कचं कुंपण जाळीचं होतं, उंच, ताठ, उन्हात. तिच्या मते एवढी चांगली मांडणी तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. बोंबील सुकवताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. त्या बायकांनी हां हां म्हणता ती सगळी जाळी जोड्यांनी भरून टाकली. कुंपणाची बाहेरची बाजू, सरकारी रस्ता, कोण काय बोलणार? बाजूही तिनं विचार करून निवडली होती, पश्चिमेची. दुपारी वारं समुद्रावरून आत येतं, म्हणजे वास थेट तंबूंवर.

आणि दुपारी वारं आलं. अर्ध्या तासात तंबूंची दारं बंद झाली, मग उघडली, मग माणसं रुमाल लावून बाहेर आली. एक कुटुंब पक्कं शाकाहारी होतं, त्यांनी तर सामानच गाडीत भरलं. बाय रस्त्याच्या कडेला बसून एकेका जोडीवरच्या माशा हाकलत होती. तिच्या चेहऱ्यावर मी एवढं समाधान कधी पाहिलं नव्हतं. मलाही लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

मॅनेजर धावत आला. आता तो आणखी गोड झाला होता. "माँजी, आप अकेले आ जाओ. सकाळी, गेस्ट उठायच्या आधी. लुगडं घालून या. मी बघतो."

"आनि ह्या पोरी?"

"त्यांना तर नळ दिला आहे ना."

"नळात पोवू त्या?" बाय म्हणाली, आणि पुढची पाटी ओढली.

मग तो गोड राहिला नाही. आत गेला, जिवलीला घेऊन बाहेर आला आणि आमच्या समोर तिला म्हणाला की संध्याकाळपर्यंत हे सगळं निघालं नाही तर उद्यापासून येऊ नकोस. तुझ्याच गावचे लोक आहेत, तूच सांग. जिवली टोपीची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

बायनं तिच्याकडे बघितलं नाही. माशा हाकलत राहिली. मला वाटलं, ही आता हटणार नाही, हिला जिंकायचंच आहे. मला तिचाही राग आला. त्या पोरीचं घर जातंय आणि हिला बोंबील दिसतायत.

वाऱ्यानं तिची पंचाईत केली. समुद्राचं वारं तिला तळहातासारखं माहीत होतं, पण डोंगरातलं माहीत नव्हतं. ऊन उतरायला लागलं आणि वारं डोंगरावरून फिरलं. तो सगळा वास उलटा पाड्यावर आला. मागोमाग पाड्यावरची कुत्री आली, मग मांजरं, आणि कुंपणाच्या खालच्या जोड्या भराभर ओढल्या जायला लागल्या. लखमी घरातून नाकाला पदर लावून आली. "आमच्यावर कशाला सोडलास गो वास?" ती म्हणाली. बाय उठली, डोंगराकडे तोंड करून वाऱ्याला सणसणीत शिव्या घातल्या, आणि मग जोड्या उतरवायला लागली.

सगळ्यांना वाटलं वाऱ्यामुळे उतरवल्या. मॅनेजरलाही तसंच वाटलं, तो हसत होता. पण मी तिच्या शेजारी होते. कुत्री हाकलून लावणं तिला काही जड नव्हतं. ती जोड्या उतरवत उतरवत खिडकीच्या बाजूला गेली आणि जिवलीला एवढंच म्हणाली, "उद्या कामावर ये. टोपी सरळ घाल."

त्यानंतर आठवड्याभरात बोर्डावर 'लुगडं' आलं. बाय परत कधी त्या फाटकाशी गेली नाही. दर मे महिन्यात ती टेम्पो पाठवून पाड्यावरच्या पोरींना चिखल्याला आणायची आणि समुद्रात उतरवायची. समुद्र त्यांना वर धरायचा. पण पोरी आता पाणी भरणार ओहोळाचं, आणि शिकणार समुद्रात, हे काही तिला पटत नसे. "खोटं शिकतायत," ती म्हणायची. कनवटीचं मीठ तिनं शेवटपर्यंत काढलं नाही. मी एकदा विचारलं, आता ते कशाला? "असू दे," म्हणाली. एवढंच.

ती गेली ती आजारी न पडता, ओट्यावर जवळा निवडता निवडता. पाड्यावर फोन केला तो मीच. लखमी येईल हे माहीत होतं. लखमी आली, दुपारपर्यंत आली, आणि तिच्या मागून जिवली आली. पार्कच्या निळ्या टी-शर्टात, तशीच कामावरून उठून. टेम्पोतून तिनं पाण्याचे दोन मोठे कॅन उतरवले.

पाणी कुंडातलं होतं. फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं होतं, बाहेर नेता येत नाही म्हणाला होता. "मी कॅन टेम्पोत टाकले," जिवली मला म्हणाली. "पुढच्या फाटकानंच आले." मॅनेजर बघत होता. उद्या काम राहील की नाही, ते तिला माहीत नव्हतं आणि त्या दिवशी तरी ती त्याचा विचार करत नव्हती.

कॅनचं झाकण उघडलं तेव्हा औषधाचा वास आला. तो वास मला अजून येतो आणि तो आला की माझं डोकं फिरतं. झऱ्याचं पाणी ते, उंबराच्या मुळांतून येणारं, आणि त्याला दवाखान्याचा वास. पण दुसरं पाणी कुठून आणणार होतो?

जिवलीनं पाणी घंगाळात ओतलं. बायच्या कनवटीची पुरचुंडी सोडली आणि त्यातलं मीठ मूठभर पाण्यात टाकलं. मग तिनं आणि लखमीनं मिळून बायला न्हाऊ घातलं. लुगड्यासकट.